फ्लॉरेन्सची मांजरं

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. अंधारलेलं इस्पितळ, जखमी सैनिकांच्या लांबच लांब रांगा आणि हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी एक बाई. शाळेच्या पुस्तकातला तो धडा आपल्यापैकी बहुतेकींनी वाचलाय. पण मैत्रिणींनो, त्या धड्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. दिवा घेऊन फिरणारी ही बाई तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षांची होती. ती जगली मात्र नव्वद वर्षं. मग युद्धावरून परत आल्यानंतरची चोपन्न वर्षं ती कुठे होती, काय करत होती?

ती घरात होती. त्यातली कितीतरी वर्षं अंथरुणावर. जगभरच्या आजाऱ्यांची काळजी कशी घ्यावी हे शिकवणारी ही बाई स्वतःच कायमची आजारी होती. अंथरुणावर कागदांचा ढीग, उशाशी शाईची दौत आणि त्या कागदांवरून खुशाल चालत जाणारी तिची मांजरं. शाईचे पाय उमटलेली तिची पत्रं पुढे जपून ठेवली गेली. आज सांगायचंय ते या फ्लॉरेन्सबद्दल.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात तिचा जन्म झाला. आईवडील लग्नानंतर युरोपच्या लांबच्या प्रवासाला निघाले होते. मुलगी जन्मली त्या गावाचंच नाव तिला दिलं. थोरली बहीण आदल्या वर्षी नेपल्समध्ये झाली, तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. घर गर्भश्रीमंत. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यासाठी एक मोठं घर, हिवाळ्यासाठी दुसरं. वडील हौसेनं मुलींना स्वतः शिकवायचे. ग्रीक, लॅटिन, इतिहास, सगळं. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ होती.

तिच्या आयुष्यातला पहिला पेशंट कोण, असं विचारलं तर तिच्या चरित्रांमध्ये एका कुत्र्याचं नाव सापडतं. कॅप त्याचं नाव. रॉजर नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा हा राखणदार. १८३७ च्या सुमाराची गोष्ट. फ्लॉरेन्स सोळा वर्षांची होती. गावातल्या द्वाड पोरांनी दगड मारून कॅपचा पाय जायबंदी केला. पाय मोडला, आता हा कळपामागे धावू शकणार नाही, आणि काम न करणाऱ्या कुत्र्याला पोसायला म्हाताऱ्याकडे पैसा नाही. त्यानं जड मनानं कुत्र्याला मारून टाकायचं ठरवलं होतं. फ्लॉरेन्स ओळखीच्या पाद्रीबाबांना घेऊन तिथे गेली. त्यांनी पाय चाचपून पाहिला. हाड मोडलेलं नव्हतं, मुका मार होता. मग हिनं पाणी तापवलं, फडकी मिळवली आणि शेकायला बसली. कॅप बरा झाला आणि परत मेंढरांमागे धावायला लागला.

गोष्ट छोटीशीच. पण लंगडा झाला म्हणजे संपला, हे तिनं मान्य केलं नाही. नीट पाहिलं, काय झालंय ते समजून घेतलं आणि जेवढं हवं तेवढंच केलं. तिची पुढची सगळी शुश्रूषा याच वळणानं गेली.

त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला आपल्याला देवानं सेवेसाठी बोलावलंय, असं तिला आतून जाणवलं. ही गोष्ट तिनं वहीत लिहून ठेवली. पण घरी सांगणार कशी? त्या काळी इस्पितळात रोग्यांचं करणं हे हलकं काम समजलं जाई. बड्या घरच्या मुलीनं तिथे पाऊल टाकायचं म्हणजे घराण्याची अब्रूच जायची. आईनं डोक्यात राख घातली, बहिणीला फिट यायच्या. एक-दोन नव्हे, तब्बल सोळा वर्षं हे असं चाललं. रिचर्ड मंकटन मिल्न्स नावाचा एक चांगला, सुशिक्षित माणूस तिच्याशी लग्न करायला अनेक वर्षं थांबला होता. तिलाही तो आवडत होता. तरी १८४९ मध्ये तिनं नकार दिला. लग्न केलं तर मेजवान्या आणि पाहुणे यांतच आयुष्य जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

मन रमावं म्हणून स्नेह्यांनी तिला इजिप्त आणि ग्रीसच्या प्रवासाला नेलं. १८५० मध्ये अथेन्सला पार्थेनॉनच्या देवळापाशी काही पोरं एका पिंगळ्याच्या पिलाला छळत होती. हो, आपल्याकडे चिंचेच्या ढोलीत बसतो तसलाच छोटा पिंगळा. फ्लॉरेन्सनं ते पिलू सोडवलं, त्याचं नाव ठेवलं अथीना आणि त्याला घेऊन थेट इंग्लंड गाठलं. अथीना मोठी फटकळ स्वभावाची. येणाऱ्याजाणाऱ्याला चोच मारायची. फ्लॉरेन्सच्या खिशात बसून मात्र सगळीकडे हिंडायची.

पुढे घरच्यांचा विरोध हळूहळू मावळला. १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थ इथे जाऊन तिनं तीन महिने शिक्षण घेतलं. १८५३ मध्ये लंडनमधल्या आजारी स्त्रियांच्या एका छोट्या इस्पितळाची व्यवस्था तिच्याकडे आली. वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड लावून दिले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बाई पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहिली.

आणि लगेच १८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध आलं. ३८ परिचारिका घेऊन तिला तुर्कस्तानात स्कुटारीला जायचं होतं. आठवडाभरही वेळ नव्हता. त्या धांदलीत अथीनाला माळ्यावर ठेवलं गेलं आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. पिंगळा मेला. फ्लॉरेन्स रडली. एवढ्या मोठ्या कामाला निघताना, ज्याची जबाबदारी घेतली त्या एका जिवाकडे आपलं दुर्लक्ष झालं, हे तिला लागलं. पेंढा भरून जतन केलेली ती अथीना आज लंडनच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल संग्रहालयात पाहायला मिळते.

स्कुटारीत काय झालं ते धड्यात आहेच. पण त्यातही एक बाजू सांगितली जात नाही. फ्लॉरेन्स गेली आणि मरणारे लगेच वाचायला लागले, असं झालं नाही. तिनं स्वयंपाकघर चालू केलं, धुलाई लावली, स्वच्छ अंथरुणं आणली. तरी त्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये इस्पितळात आलेल्या दर शंभरांतले बेचाळीस दगावत होते. कारण इमारतीखालची गटारं तुंबलेली होती. मार्चमध्ये सरकारनं पाठवलेल्या स्वच्छता आयोगानं ती उपसली, पाण्याची आणि हवेची सोय केली, तेव्हा कुठे आकडा झपाट्यानं खाली आला. जूनपर्यंत तो शंभरी दोनवर आला होता. परत आल्यावर आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांच्यासोबत तिनं हे सगळं ताडून पाहिलं. आपल्या नजरेखाली गेलेली ती माणसं घाणीमुळे गेली, हे सत्य तिच्यासमोर आलं. आपण असतो तर कदाचित गप्प बसलो असतो. तिनं त्याचे रंगीत तक्ते काढले आणि सरकारपुढे मांडले. सेवेच्या जोडीला स्वच्छतेचा आणि आकड्यांचा आग्रह तिनं शेवटपर्यंत धरला.

तिकडेच मे १८५५ मध्ये तिला कडक ताप आला. त्यातून ती मरता मरता वाचली. १८५६ च्या ऑगस्टमध्ये ती घरी परतली ती कुणाला न कळवता, गाजावाजा टाळून. युद्धावरून तिनं काय आणलं म्हणाल, तर तीन जीव. एक पाय गमावलेला विल्यम नावाचा पोरगा, पीटर नावाचा अनाथ रशियन मुलगा आणि सैनिकांनी दिलेलं रौश नावाचं कुत्र्याचं पिलू. या तिघांचीही तिनं सोय लावून दिली.

पण तो ताप तिच्या अंगातून गेलाच नाही. १८५७ च्या उन्हाळ्यात ती कोसळली. छातीत धडधड, अशक्तपणा, अन्नावरची वासना गेलेली, पाठीच्या मणक्यात असह्य कळा. १८६१ च्या अखेरीपासून तर जवळजवळ सहा वर्षं तिला चालताही येत नव्हतं. या खोलीतून त्या खोलीत उचलून न्यावं लागे. लोक काय म्हणाले असतील? तुम्ही ओळखलं असेलच. नाटकं करते. मनाचे खेळ आहेत. कुणी भेटू नये म्हणून आजाराचं सोंग घेतलंय. तिच्यामागे कितीतरी वर्षं चरित्रकारही असंच काहीबाही लिहीत राहिले. १९९५ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. तिची लक्षणं ब्रुसेलोसिस या रोगाशी जुळतात, असं त्यात दाखवून दिलं होतं. न तापवलेल्या दुधातून हा रोग होतो, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उलटतो आणि मणक्याला धरतो. आज बऱ्याच अभ्यासकांना हे पटतं. म्हणजे बाईचं दुखणं खरं होतं. ते खरं मानायला एवढी वर्षं लागली.

आता तिची काळजी घेणारी माणसं बघा. आई आणि बहीण लंडनला येऊन तिच्या शेजारच्या खोल्यांत राहायच्या. दिवसभर प्रेमानं चौकशा, सूचना, पाहुणे, गप्पा. फ्लॉरेन्सला त्याचा इतका शीण व्हायचा की तिचं दुखणं वाढायचं. शेवटी माई आत्या स्वतःचा संसार बाजूला ठेवून आली. ती दार सांभाळायची, पत्रं बघायची आणि भाचीला तिच्या कामासोबत एकटी राहू द्यायची. तिच्या आजारपणात तिला खरा आधार मिळाला तो या आत्याचा. १८६० मध्ये आत्या तिच्या घरी परत गेली तेव्हा फ्लॉरेन्सनं फार मनाला लावून घेतलं. इतकं की कितीतरी वर्षं दोघींत पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही. यात फ्लॉरेन्सचंही चुकलंच. आत्यालाही मुलंबाळं होती, घर होतं. आजारी माणूस स्वतःच्या दुखण्यापलीकडे पाहू शकत नाही, असं कधीकधी होतं. ही थोर बाई त्याला अपवाद नव्हती.

१८६० च्या जानेवारीत तिचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक बाजारात आलं. ते तिनं परिचारिकांसाठी म्हणून लिहिलं नव्हतं. घरात कुणाचं तरी दुखणं काढणाऱ्या सामान्य बायकांसाठी लिहिलं होतं. हवा, उजेड, स्वच्छता हे त्यात आहेच. पण त्यातली काही प्रकरणं वाचताना कळतं की ही अंथरुणावरून लिहितेय. दाराबाहेर कुजबुजू नका, रोग्याला वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. परकराची सळसळ करत खोलीत येऊ नका. येणाऱ्यानं उगाच बरे व्हाल, बरे व्हाल करू नये आणि ऐकीव औषधं सुचवू नयेत. त्याच त्या चार भिंती बघून रोगी किती कंटाळतो, हे धडधाकट माणसाला कळत नाही.

आणि याच पुस्तकात ती पाळीव प्राण्यांबद्दल सांगते. वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाला एखाद्या छोट्या प्राण्याची सोबत फार चांगली. पिंजऱ्यातला एखादा पक्षीसुद्धा चालेल. पुढे ती म्हणते की रोग्याला जमत असेल तर त्या पक्ष्याला दाणापाणी त्यालाच करू द्या, पिंजराही त्यालाच साफ करू द्या. विचार करा, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहिलंय. ज्याचं सगळं दुसऱ्यांना करावं लागतं, त्याला कुणाचं तरी काही करायला मिळालं की तो जरा सावरतो.

तिनं स्वतःसाठी मांजरं निवडली. पॅरिसला तिची मेरी मोल नावाची मैत्रीण होती. तिच्याकडे मांजरांचा मोठा गोतावळा. तिच्याकडून लांब केसांची पर्शियन पिलं फ्लॉरेन्सकडे आली आणि मग त्यांचा वंश वाढतच गेला. आयुष्यभरात साठेक मांजरं तिनं पाळली असं सांगतात. एकेका वेळी घरात पाच-सहा तरी असायची. त्यांची नावंही कशी? बिस्मार्क, डिझरायली, ग्लॅडस्टन. देशोदेशीचे बडे राजकारणी तिच्या पलंगावर अंगाचं मुटकुळं करून पडलेले असायचे! बिस्मार्क हा थोराड बोका तिचा विशेष लाडका.

त्यांचं खाणंपिणं तिच्याच खोलीत, वेगवेगळ्या ताटल्यांमध्ये व्हायचं. पिलू कुणाला द्यायचं झालं तर घर बघून द्यायची. सोबत चिठ्ठी जायची. याला काय आवडतं, कधी खायला द्यायचं, याची सवय काय, सगळं बारकाईनं लिहिलेलं. इस्पितळाच्या वॉर्डाबद्दल ती जितक्या काळजीनं लिहायची, तितक्याच काळजीनं मांजराच्या जेवणाबद्दल लिहायची.

कुत्रं नाही आणि मांजरच का? तिनं कुठे कारण दिलंय असं नाही. पण ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना अंदाज येईल. आपल्याकडे मांजर कुणी मुद्दाम पाळत नाही. ते येतं, चुलीपाशी बसतं, दूधपोळी खातं आणि घरचं होऊन जातं. मांडीवर बसायचं तर त्याच्या मर्जीनं, उठायचं तर त्याच्या मर्जीनं. त्याला जवळीक हवी असते, पण पकडून ठेवलेलं खपत नाही. मागे लागून लाड केले तर नखं काढतं, आणि आपण आपलं काम करत बसलो की हळूच येऊन पायाला अंग घासतं. फ्लॉरेन्सला माणसांकडून हवं होतं ते हेच. सोबत हवी, पण गराडा नको. मदत हवी, पण कुणी आपल्या वतीनं ठरवायला नको. मांजरं तिच्याजवळ असायची. तब्येत कशी आहे, असं ती एकदाही विचारायची नाहीत.

१८६५ पासून ती लंडनच्या साउथ स्ट्रीटवरच्या घरात राहिली. तिथला नियम कडक. आधी कळवल्याशिवाय यायचं नाही आणि एका वेळी एकालाच भेट. हिंदुस्थानात निघालेले व्हाइसरॉयसुद्धा वेळ घेऊन यायचे. त्या बंद दाराआडून तिनं जे काम केलं ते युद्धातल्या दोन वर्षांपेक्षा कितीतरी मोठं आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा तिच्यामुळे सुरू झाली. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी देशोदेशी नर्सिंगचं शिक्षण नेलं. ज्या कामाला हलकं म्हणत होते, तो मुलींसाठी मानाचा व्यवसाय झाला.

हिंदुस्थानात ती कधीच येऊ शकली नाही. पण इथल्या प्रत्येक लष्करी ठाण्याकडून तिनं प्रश्नावली भरून मागवल्या. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, माणसं कशानं मरतात. हजारी एकोणसत्तर ब्रिटिश सैनिक दर वर्षी इथे मरत होते, आणि बहुतेक रोगांनीच. सुधारणा झाल्यावर १८७३ च्या सुमारास हा आकडा हजारी अठरापर्यंत उतरल्याचं तिनं लिहिलं. मग तिचं लक्ष सैनिकांवरून इथल्या खेड्यांकडे वळलं. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी, गावची स्वच्छता. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मध्ये निघालेल्या चरित्राला तिनं प्रस्तावना लिहिली. आपल्या गावोगावच्या विहिरी आणि गटारांची चिंता लंडनमधल्या एका पलंगावर केली जात होती, मांजरांच्या सोबतीनं.

१८७४ मध्ये वडील गेले. मुलगा नसल्यामुळे एम्बलीचं मोठं घर कायद्यानं आत्याच्या कुटुंबाकडे गेलं. आई थकलेली, दृष्टी अधू झालेली, काही आठवत नसे. हीच ती आई, जिनं कधीकाळी मुलीच्या वाटेत काटे पेरले होते. फ्लॉरेन्स स्वतः आजारी असूनही वर्षातले कितीतरी महिने तिच्याजवळ जाऊन राहायची. १८८० मध्ये आई गेली. पुढे संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या बहिणीकडेही ती जात राहिली. उतारवयात तिचं स्वतःचं दुखणं बरंच निवळलं होतं आणि स्वभावही पुष्कळ मऊ झाला होता. माई आत्याशीही गोडी झाली होती.

विसावं शतक उजाडलं तशी तिची दृष्टी गेली, मग स्मरणही. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली, पण काय मिळालंय हे कळण्यापलीकडे ती गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांशेजारी तिला जागा देऊ केली होती. तिच्या इच्छेनुसार घरच्यांनी नाही म्हटलं. ईस्ट वेलो या छोट्या गावात आईवडिलांशेजारी तिला पुरलं. दगडावर नावसुद्धा नाही. फक्त आद्याक्षरं आणि जन्ममृत्यूच्या तारखा.

आपल्यापैकी कितीजणींच्या घरात आज कुणीतरी अंथरुणावर आहे. सासूबाई असतील, आई असेल, न चालता येणारं लेकरू असेल. आपण त्यांचं सगळं मनापासून करतो. करता करता त्यांचं त्यांना जे जमतं, तेही आपणच उरकून टाकतो, कारण आपल्याला घाई असते. शेंगा निवडायला दहा मिनिटांऐवजी तास लागेल, लागू दे. अंगणात आलेल्या मांजराला दूध घालायला त्यांनाच सांगावं. दोन थेंब सांडतील, पुसता येतील. १२ मे हा फ्लॉरेन्सचा वाढदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी दिवा घेतलेल्या बाईची आठवण निघेलच. तिच्या पायाशी झोपलेल्या बिस्मार्कचीही निघावी.